सीटखालचा ऐवज

स्वच्छतेचं वेड असलेली माणसं मी ढिगाने पाहिली, पण घाणीवर इतकं जिवापाड प्रेम करणारं माणूस आयुष्यात एकच भेटलं, आणि ते म्हणजे बेंगळुरूच्या आमच्या घरमालकांची मुलगी. धुळीने माखलेली गाडी दिसली की तिचा चेहरा असा खुलायचा की मला तिच्यापुढे जेवणाचं ताट आल्याचा भास व्हायचा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर वडिलांची बदली झाली म्हणून आम्ही पुण्याहून जयनगरला आलो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. घरमालक मराठीच, पण कैक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन मुरलेले. ‘स्वल्प थांब गे, दूध उतू जातंय’ असं त्यांच्या घरातून ऐकू आलं की पुण्याचा अभिमान बाळगणारी माझी आई नाक मुरडायची, आणि वर्षभराने तीच भाजीवाल्याला ‘सरी, सरी’, म्हणजे ठीक आहे, म्हणू लागली, हा भाग वेगळा. मुलगी सतरा वर्षांची, मी सोळाची. दोघी एकाच कॉलेजात पीयूसीला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला. तिने मला मैत्रीण केलं ते पहिल्या दिवशी आणि धंद्यात भागीदार केलं ते दुसऱ्या दिवशी. दोन्ही वेळा मला विचारलं नव्हतं.

धंदा म्हणजे लोकांच्या मोटारी आतून-बाहेरून चकचकीत करून देणे. आता त्याला डिटेलिंग म्हणतात आणि त्यासाठी वातानुकूलित दुकानं असतात. तेव्हा त्याला नाव नव्हतं आणि एक निळी बादली होती. झालं असं, की तिच्या आखातातल्या चुलतभावाने एक परदेशी पॉलिशचा डबा पाठवला. डब्यावरच्या सूचना तिने एखादी पोथी वाचावी तशा वाचल्या आणि त्याच रविवारी समोरच्या डॉक्टरांच्या गाडीवर प्रयोग केला. ती गाडी कायम सोनमोहोराखाली उभी असायची, त्यामुळे तिचा मूळ रंग डॉक्टरांनाही आठवत नव्हता. दोन तासांनी खालून आकाशी रंग निघाला. डॉक्टर बाहेर आले, आपली गाडी ओळखता न आल्याने शेजारच्या गाडीला किल्ली लावू लागले, आणि धंद्याचा शुभारंभ झाला. जाहिरातीवर तिने छदाम खर्च केला नाही. मळलेली गाडी दिसली की मागच्या काचेवरच्या धुळीत ती बोटाने लिहायची, ‘हिरवं गेट, रविवारी सहा’. मराठीत नाही, कानडीत आणि खाली इंग्रजीत. एखाद्याने चिडून स्वतःच गाडी धुतली तरी तिला समाधानच वाटे. ‘धुतली ना शेवटी? मग झालं,’ म्हणायची.

तिचे वडील, ज्यांना ती आणि सगळा क्रॉस, म्हणजे आमची गल्ली, अण्णा म्हणायची, सरकारी कचेरीत अधीक्षक होते आणि घरातही तेच होते. मुलीने परक्यांच्या गाड्या पुसाव्यात हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. पण तिने तीन दिवस असं काही गोड वागून दाखवलं की ते धास्तावले. चौथ्या दिवशी त्यांनी तिला समोर उभं केलं. ‘ऐक गे. अभ्यास बुडवायचा नाही. पाणी तीन बादल्या, चौथी नाही. आणि आपल्या दारात एक तक्रार आली, एकच, की बादली आत. सरी?’ ती म्हणाली, ‘सरी, अण्णा.’ अण्णांचा शब्द म्हणजे शासननिर्णय, त्यात बदल नसे. त्यामुळे पुढचे सात-आठ महिने गेट वाजलं की आम्ही हातातली फडकी टाकून आधी आत पळायचो.

कामाच्या तिच्या तऱ्हा सांगू लागले तर दिवस पुरणार नाही. काच पुसायला वर्तमानपत्र, जाळी घासायला टूथब्रश, आणि रंगावर हात फिरवायला फक्त बनियन, तेही अण्णांचं. ‘पन्नास वेळा धुतल्याशिवाय बनियनला अक्कल येत नाही,’ हा तिचा सिद्धान्त. अण्णांना महिन्याला एक बनियन कमी पडायचं आणि ते दोरीकडे संशयाने पाहत कचेरीला जायचे. परदेशी डबा तिसऱ्या आठवड्यातच संपला. मग त्याच डब्यात मेणबत्त्या, रॉकेल आणि तिचा आत्मविश्वास यांचं एक मिश्रण तयार झालं. त्याने गाडी चमकायची खरी, पण दोन दिवस स्टोव्हसारखा वास मारायचा. गिऱ्हाइकांना तो परदेशी वास वाटला. काम संपलं की ती शेवटी ड्रायव्हरच्या जागी बसायची, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून, समोर बघत, पुरी दोन मिनिटं. किल्लीला हात लावायची नाही. लोकांना वाटे ही काच तपासते आहे. मला माहीत होतं ती कुठेतरी पोचलेली असायची. गाडी शिकण्याचा विषय तिने घरी एकदाच काढला होता, तेव्हा अण्णा म्हणाले होते, ‘गाडी चालवणं आपल्या घराण्याचं काम नव्हे,’ आणि ताटावरून उठले होते.

पण तिची खरी कीर्ती झाली ती पाकिटामुळे. गाडीच्या आत, सीटच्या खाली, फटींमध्ये जे जे सापडेल ते सगळं ती एका खाकी पाकिटात भरून गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन द्यायची, आणि वर यादी. यादीचा मथळा माझा, कारण माझं मराठी तिला पोलिसांच्या तोडीचं वाटायचं: ‘सीटखाली सापडलेला ऐवज’. खाली तपशील. केसांच्या पिना तीन, शर्टाचं बटण एक, शेंगदाणे सात, पैकी एक कुरतडलेला. शेंगदाणेसुद्धा परत द्यायची. मी म्हटलं, ‘अगं, हे टाकून दे की.’ तर म्हणाली, ‘आपण निवडायचं नाही. द्यायचं तर सगळं.’ पाकीट घरात जो समोर येईल त्याच्या हातात जायचं. डॉक्टरांकडे त्यांच्या पत्नी समोर आल्या. डॉक्टरांना मधुमेह, घरात साखरेवर कडक बंदी, आणि यादीत पहिलीच नोंद, ‘ड्रायव्हरच्या सीटखाली, मैसूरपाकाचे कागद, अकरा.’ दहा मिनिटांत डॉक्टर लालबुंद होऊन आमच्या गेटाशी हजर. अण्णा व्हरांड्यातून उठले. ‘काय, डॉक्टर? काही तक्रार?’ आम्ही दोघी दाराआड एकमेकींचे हात धरून उभ्या. डॉक्टरांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तक्रार करायची तर कशाची ते सांगावं लागणार! ‘नाही, अण्णा,’ ते शेवटी म्हणाले, ‘काम फार बारकाईने करते मुलगी.’

तेव्हापासून हेच चालू झालं. कुणाच्या गाडीत सिनेमाची अर्धी तिकिटं निघाली ती कचेरीच्या वेळेतली, कुणाच्या गाडीत सोडलेल्या सिगारेटचं ताजं पाकीट. धाबं सगळ्यांचंच दणाणलं होतं, पण तक्रार म्हणजे कबुली, त्यामुळे आमच्या गेटाशी येऊन प्रत्येक जण कौतुक करून जायचा. अण्णांना वाटू लागलं, मुलगी अलौकिक काम करते आहे. पुढेपुढे लोक आदल्या दिवशीच गाडी आतून लख्ख झाडून आणू लागले, आणि तिचं काम निम्मं झालं, याचं तिला वाईट वाटायचं. मी एकदा तिला स्पष्टच म्हटलं, की तू लोकांचे संसार मोडशील. तेव्हा तिने मला कोपऱ्यावरच्या बँकवाल्यांकडची गोष्ट ऐकवली. त्यांच्या गाडीतून हिने हिऱ्याची एक कुडी काढून दिली होती, आणि त्याच कुडीपायी त्यांनी दोन महिन्यांपूर्वी कामवाल्या बाईंना घालवलं होतं. कुडी मिळाल्यावर बँकवाले स्वतः त्या बाईंच्या घरी माफी मागायला गेले. ‘शेंगदाणा ठेवून घेतला असता तर कुडी दिली हे कुणी खरं मानलं असतं?’ ती म्हणाली. त्या दिवसापासून शेंगदाणे मीच मोजू लागले.

आता अण्णांच्या गाडीविषयी. थोरल्या मामांकडून आलेली फिकट पिवळी हेराल्ड बारा वर्षं आवारात उभी होती आणि बारा वर्षं आजारी होती. दर महिन्याला एक मेकॅनिक यायचा, बॉनेट उघडायचा, गाडी एक चक्कर फिरवून आणायचा आणि मान हलवून सांगायचा, ‘इन्नू स्वल्प केलस इदे,’ म्हणजे अजून थोडं काम बाकी आहे. आयुधपूजेला, नवमीच्या दिवशी, इथे झाडून सगळ्या गाड्यांची पूजा होते. झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, कुंकू भरलेला कोहळा फोडायचा आणि चार चाकांखाली चार लिंबं ठेवून गाडी त्यांवरून न्यायची. अख्ख्या क्रॉसच्या गाड्या भुर्रकन जायच्या आणि अण्णांची हेराल्ड चार जण ढकलायचे. त्या वर्षी आम्ही आठवडाभरात सगळ्या ओळखीच्यांच्या गाड्या आरशासारख्या केल्या होत्या. राहिली फक्त घरची. अष्टमीला सकाळी अण्णांनी नाइलाजाने किल्ली दिली. ‘वरवर पूस. आतलं राहू दे.’

‘वरवर हे आपलं काम नव्हे, अण्णा,’ ती म्हणाली, आणि अण्णा आत गेले.

ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचलली तर खाली प्लास्टिकच्या पिशवीत कागद. पिवळे पडलेले पाच कागद, पाचही ड्रायव्हिंगच्या परीक्षेचे, अण्णांच्या नावाचे, पाचही नापास. त्यांच्यासोबत एका वहीचं पान. त्यावर अण्णांच्या टापटीप कानडी अक्षरात तीन चौकोन, क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, आणि खाली दोन पावलं काढून बाण दाखवलेले. कोणता पाय कुठे. मला हसू फुटलं. एवढे कडक अण्णा, आणि पावलांची चित्रं! मग मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. त्या पानावरून तिने एकदा हळूच बनियन फिरवलं, सगळे कागद पिशवीत घातले, पिशवी होती तिथे ठेवली आणि वर चटई अंथरली.

‘पाकीट?’ मी विचारलं.

‘चिकटव,’ ती म्हणाली. ‘रिकामं.’

नवमीला सकाळी पूजेला सगळा क्रॉस आमच्या आवारात, कारण अण्णांच्या पाकिटाची वाट लोक महिनोन् महिने पाहत होते. डॉक्टर सर्वांत पुढे. ‘अण्णा, सगळ्यांच्या देखत उघडा बरं का,’ त्यांच्या आवाजात अकरा कागदांचा हिशेब होता. अण्णांनी पाकीट फोडलं. आत बोटं घातली. उलटं करून झटकलं. लोक हिरमुसले. अण्णा मात्र गाडीपाशी गेले, वाकून चटई उचलली आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. सरळ झाले तेव्हा पिशवी हातात होती.

‘माझी तक्रार आहे,’ अण्णा म्हणाले. ‘गाडीत ऐवज होता, तो दिलेला नाही. पाच कागद.’ आणि कचेरीतला आदेश वाचावा तसे त्यांनी पाचही वाचून दाखवले, तारखांसकट. दुसऱ्या कागदापर्यंत कुणी श्वास घेतला नाही, चौथ्याला डॉक्टरांना हसू फुटलं आणि पाचव्याला खुद्द अण्णाच हसू लागले. मी त्यांचे दात प्रथमच पाहिले. अम्मा, म्हणजे तिची आई, आरतीचं ताट घेऊन शांतपणे म्हणाल्या, ‘गाडीला काही झालेलं नाही हे मला बारा वर्षं ठाऊक आहे. मेकॅनिकने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं.’

‘आता नियम,’ अण्णा डोळे पुसत म्हणाले. ‘एक तक्रार आली. बादली आत.’

ती निळी बादली उचलून आत ठेवून आली. मला रडू येत होतं आणि अण्णांचा रागही. ढकलायला चौघे पुढे झाले तर अण्णांनी हात वर केला. ‘ढकलायचं नाही.’ तिच्याकडे वळून त्यांनी किल्ली पुढे केली. ‘तुला येतं?’

‘नाही, अण्णा.’

‘मला पण नाही. चल.’

ती उजवीकडे बसली, अण्णा डावीकडे, मेकॅनिक खिडकीत डोकं घालून ओरडायला. गाडीने एक आचका दिला, दुसरा दिला, चारही लिंबं एकदम फुटली आणि हेराल्ड आठ फूट जाऊन तुळशीवृंदावनाच्या वीतभर अलीकडे बंद पडली. एवढ्या टाळ्या मी पुन्हा कुठल्या सभेत ऐकल्या नाहीत.

पुढच्याच रविवारी डॉक्टर गेटाशी आले. ‘अण्णा, माझी गाडी घाण झाली आहे आणि कुणी धुवत नाही, ही माझी तक्रार.’ त्यांच्यामागे बँकवाले उभे. अण्णांनी बराच विचार केला. एका तक्रारीने बादली आत जाते, तर दोन तक्रारींनी बाहेर येते, असा निर्णय झाला. धंदा पुढे दोन वर्षं, तिची पदवी सुरू होऊन अभ्यास वाढेपर्यंत चालला. अठरा पूर्ण झाल्यावर ती परीक्षेत पहिल्या खेपेला पास झाली. अण्णा सहाव्यांदा नापास झाले, आणि तो कागद त्यांनी दिवाणखान्यात लावला.

त्यानंतर अण्णा जन्मभर तिच्या डावीकडे बसून हिंडले. कचेरीला, देवळाला, आनेकलच्या पाहुण्यांकडे. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, तिथे ब्रेक नसताना. ती चिडायची, ते दाबायचेच. मध्यंतरी ती मला भेटायला माझ्या एचएसआर लेआउटमधल्या घरी आली. अण्णांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मलाही बाहेर जायचं होतं, तर जाताना बसस्टॉपपर्यंत सोडते म्हणाली. रस्ता सगळा मोकळा, तरी गाडी बैलगाडीच्या चालीने चालवत होती. मी म्हटलं, ‘अगं, एवढी हळू कधीपासून चालवायला लागलीस?’ तिने आधी सिग्नलला गाडी थांबवली.

‘डावीकडून आता कुणी ब्रेक दाबत नाही ना,’ ती म्हणाली. ‘तेव्हापासून.’