पत्रकांच्या गठ्ठ्याखाली

दिनकर गेल्याचा निरोप उमरेडहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरनं दिला. मी गांधीबागेत पत्रकं वाटत होतो. उरलेली वाटून मगच बस पकडली... माझं हे असंच.

दिनकर विणकराच्या घरातला, जन्मापासून आंधळा. साडीच्या काठाची नक्षी दोऱ्याच्या गाठींत उतरवायची, ती बोटांनी वाचत मागावर विणायची, ही पद्धत त्यानं स्वतः बसवली होती. अंधांच्या साधनांवर मुंबईत परिषद भरणार होती, तिच्यासाठी त्यानं यावर निबंध लिहिला, ब्रेलमध्ये. परिषदेचा नियम असा, की निबंध टंकलिखितच हवा. मी पेटलो. अंधांसाठी परिषद आणि अंधांची लिपी चालत नाही? सायक्लोस्टाइल पत्रकं काढली, तारा केल्या. शेवटी ते नमले. ब्रेल वाचणारा परीक्षक नेमतो म्हणाले.

निबंध पाठवायचं काम माझ्याकडे आलं. उठावाच्या ठिपक्यांनी कागद फुगलेले, लिफाफ्यात मावेनात. मी ते पत्रकांच्या गठ्ठ्याखाली दाबून ठेवले. छान सपाट झाले, तसे पाठवून दिले.

ते परत आले. कागदांवर वाचण्याजोगं काही नाही, असा शेरा. त्याच दिवशी मी नवं पत्रक काढून वाटलं : आंधळ्याचं लिहिणं यांना कोरं वाटतं! संध्याकाळी उमरेडला जाऊन दिनकरला ते ठसक्यात वाचून दाखवलं. तो ऐकता ऐकता परत आलेल्या कागदांवर बोटं फिरवत होता.

"काहून गा, यावर काय ठेवलं होतं?"

मी सांगितलं.

"तुह्या पत्रकायचा गठ्ठा भलताच भारी दिसते," तो हसला. मग म्हणाला, "त्या लोकायची चूक नाही. तसं छापून टाक."

"तू पुन्हा लिही ना. मी स्वतः नेऊन देतो."

"मुदत गेली गा. तू तेवढं छाप."

छापतो म्हणालो. पण आधीच्या पत्रकासाठी लोक पाठ थोपटत होते... आज छापू, उद्या छापू. दिनकरनं दोनदा आठवण करून दिली, मग विषयच काढला नाही. या पावसाळ्यात तापानं गेला.

परवा शोकसभेची पत्रकं घेऊन त्याच्या घरी गेलो. त्यांतही दोन ओळी परिषदेवर होत्याच. हात तसाच चालतो माझा. दिनकरची बहीण शेवंता चहा घेऊन आली.

"तो गठ्ठा कायले धरून राहिले, भाऊ? ठेवा ना. टेबल खालीच हाये."

टेबल खरंच रिकामं होतं. दिनकरचे सगळे कागद वर दोरीवर, कपड्यांच्या चिमट्यांनी टांगलेले. निबंध परत आला तेव्हापासून तो कुठलाच कागद खाली ठेवत नसे, शेवंता म्हणाली. का, ते तिला ठाऊक नव्हतं.

मी गठ्ठा मांडीवरच धरून चहा प्यायलो.