समाधान आज, पीठ उद्या

आमच्या शेजारच्या बाबारावांनी सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या खिडकीमागे काढली आणि तेवढ्या वर्षांत लोकांना एकच वाक्य ऐकवले, "उद्या या." दाखला हवा असो की नक्कल, उत्तर तेच. माणूस वाईट नव्हता. समोरच्याला चहा पाजायचा, लेकराबाळांची विचारपूस करायचा. काम तेवढे करायचा नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकली. आमच्या आदिलाबादेत रात्री ज्वारीची भाकर लागतेच, आणि त्याआधी गिरणी होती ती पार बसस्टँडजवळ. डबा घेऊन एवढे चालायचे वाचले म्हणून मी देवापुढे साखर ठेवली. जरा घाईच झाली.

गिरणी सुरू व्हायच्या आधी त्यांचा पुतण्या सुरेंद्र मंचेरियलहून आला. तो तिथल्या एका कॉलेजात सेवा-व्यवस्थापन शिकवतो. म्हणजे गिऱ्हाइकाशी कसे वागावे याचे पुस्तक असते म्हणे, आणि पोरे फी भरून ते शिकतात. सुरेंद्रने काकांना ओसरीवर बसवून सांगितले, "काका, तुमी पीठ इकत नाई. पीठ कोनीबी दळून देते. मानूस घरी काय घेऊन जाते? अनुभव. आपल्या सेवेचं मोल आपन नाई ठरवत, गिऱ्हाईक ठरवते. त्याले काय पायजे ते पाहा, अन् ते परत येते का नाई यावर ध्यान ठेवा."

पोरगा खोटे बोलला नव्हता. बाबारावांनी त्यातले 'पीठ इकत नाई' एवढे मनावर घेतले.

गिरणीत खुर्च्या आल्या, पंखा आला, गार पाण्याचा माठ आला. भिंतीवर पाटी आली, 'गिऱ्हाईक देवासमान'. मला बरे वाटले. मग लक्षात आले, की देवाला नैवेद्य निदान त्याच दिवशी दाखवतात.

आपण डबा घेऊन गेलो, की बाबाराव उठून उभे राहायचे. "या वैनी, बसा. पानी घ्या. बारीक दळू का मध्यम?" डब्यावर खडूने नाव लिहायचे, डबा ओळीत ठेवायचे आणि हसून म्हणायचे, "उद्या या." पूजा आणि पेपर झाल्याशिवाय यंत्र सुरू व्हायचे नाही. दुपारी जेवणाची सुट्टी. जेवण पडद्यापलीकडे, बायकोच्या म्हणजे भागीरथाबाईंच्या चुलीवर, पण सुट्टी कचेरीएवढी.

निघताना ते विचारायचे, "समाधान झालं ना?" गार पाणी पिऊन, पंख्याखाली बसून कोणती बाई नाही म्हणेल? "झालं, भाऊजी. येते," म्हणून आम्ही निघायचो. कुणाच्या दारातून निघताना 'जाते' म्हणायची आपल्याकडे रीत नाही. आमच्या बोलीत बायाही 'येतो' म्हणतात, आणि तेलुगू बायका 'वस्तानु', म्हणजे येतेच. बाबारावांनी हे जन्मभर ऐकलेले. पण सुरेंद्रच्या शिकवणीनंतर त्यांना तो प्रत्येकीने दिलेला शब्द वाटू लागला. फोनवर पुतण्याला सांगायचे, "एक बाई असी गेली नाई, का येतो नाई म्हनली." पुतण्याही खूश.

बायका मात्र पुढच्या खेपेला मागच्या बोळातून, डब्यावर पदर टाकून बसस्टँडकडे जायच्या. बाबारावांचे मन दुखू नये म्हणून. एवढी काळजी कोणत्या दुकानदाराला मिळते?

भागीरथाबाईंना सगळे कळत होते. त्यांनी नवऱ्याला बजावले, "दिवाळीपावतर चालली तं चालली. नाई तं खोली चौकातल्या संतोषले भाड्यानं देतो, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाले." बाबारावांचा चेहरा उतरला. खिडकी सुटल्यापासून त्यांच्यासमोर काम घेऊन कोणी उभे राहिले नव्हते. गिरणीमुळे लोक पुन्हा समोर येत होते. ती गेली तर ते दिवसभर कुणाला बसा म्हणणार?

दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी भर दुपारी संतोष टेप घेऊन खोली मोजायला आला. मीही तिथे होते. डबा घेऊन बसस्टँडकडे निघाले होते, बाबारावांनी हाक मारून आत बसवले. तेवढ्यात मागच्या गल्लीतली बयनाबाई डबा घेऊन आली.

"बसा मावशी, पानी घ्या," बाबाराव म्हणाले.

"पानी हाये मायाघरी. पीठ नाई. पोरीचे सासरचे येऊन राह्यले. आता देता का?"

"आता जेवनाची सुट्टी हाये. उद्या या ना."

"पाव्हने आज जेवतीन का उद्या?"

"मावशी, घाईत अनुभव चांगला नाई भेटत."

"म्या अनुभवाच्या भाकरी थापू काय?"

तिने डबा कमरेवर घेतला. सवयीने बाबाराव बोलून गेले, "समाधान झालं ना?"

"जातो मी," बयनाबाई म्हणाली.

शुक्रवार, लक्ष्मीपूजन तोंडावर आणि उंबऱ्यात हा शब्द. मी मनातल्या मनात देवाचे नाव घेतले. भागीरथाबाई ओल्या हातांनी बाहेर आल्या. "अवो, बाई जातो म्हनून राह्यली."

बाबाराव पुढे झाले. "असं नोका बोलू मावशी. येतो म्हना."

"काऊन म्हनू? खोटं काऊन बोलू? मी येत नाई. या गल्लीतली एकबी येत नाई. ह्या तुमच्या वैनी," तिने माझ्या डब्याकडे बोट केले, "त्याबी बसस्टँडकडंच चालल्या होत्या."

मी डब्याकडे पाहिले. डबा बिचारा काय बोलणार.

"वैनी?" बाबारावांनी विचारले.

"भाऊजी," मी म्हणाले, "भाकर आज रातीच लागते."

ते खुर्चीत बसले. आमच्याकडे पाहिले नाही. आत ताट वाढलेले होते. मग ते उठले, बयनाबाईच्या हातातून डबा घेतला आणि यंत्राचे बटण दाबले.

पीठ गरम गरम पडू लागले. बयनाबाईने चिमटीत धरून पाहिले, डबा उचलला आणि धावतच निघाली. येतो नाही, जातो नाही. बाबारावांनीही विचारले नाही, कारण तोवर माझी ज्वारी यंत्रात पडली होती.

भर दुपारी गिरणीचा आवाज ऐकून बायका दारात येऊन पाहू लागल्या. पाहून गेल्या त्या डबे घेऊन आल्या. खुर्च्या अडचण करू लागल्या, तशा भागीरथाबाईंनी त्या अंगणात नेऊन ठेवल्या आणि पदर खोचून स्वतःच डबे पुढे सरकवू लागल्या.

"मावशी, खोलीचं कसं?" संतोषने त्यांना विचारले.

"दुसरीकडं पाह्य बाबा," त्या म्हणाल्या. "इथं जागा कुठं हाये?"

बाबाराव पिठाने भुवयांपर्यंत पांढरे झाले होते. त्यांनी निघालेल्या संतोषला थांबवले आणि गिऱ्हाइकाला काय हवे ते ओळखणे हीच खरी सेवा, हे आपण पहिल्यापासून कसे पाळले ते सविस्तर समजावून सांगितले. यंत्राच्या आवाजात संतोषला एक अक्षर ऐकू आले नाही. तो मान हलवत राहिला.