उजव्या खांद्यावरचा डबा

कितीदा सांगायचं रे पोरांनो, तेच तेच? चहाची बशी पुढं सरकवायची आन् म्हाताऱ्याच्या फजितीवर दात काढायचे! आता लिहूनच ठेवतो. परत इचारलंत तर याद राखा.

माझ्या अंगावरून वारं गेलं त्या सालची गोष्ट. डावा हात लुळा पडला. त्येबी सोसलं असतं, पर डाव्या खांद्यात असा ठणका, जणू कुणी तापली पहार खुपसतंय! चार महिने डोळ्याला डोळा न्हाई.

भोरच्या डॉक्टरसाहेबांनी माझ्यासाठी पुण्याहून एक डबा आणवला. देव भलं करो त्यांचं. आत बॅटरीचे सेल, कमरेला बांधायला पट्टा, दोन वायरी, टोकाला रबराच्या चकत्या. चकत्या खांद्याला चिकटवून बटण फिरवलं की बारीक करंट येतो, त्यानं ठणका दबतो. त्यांनी लावून दाखवलं आन् म्हणाले, "आबा, रोज घरी असंच लावायचं."

घरी येऊन म्या डोकं चालवलं. तिथंच घोळ झाला!

तुमीच सांगा, जोडीतला एक बैल लंगडला तर आसूड कुणावर उगारता? लंगड्यावर? छ्या! धडधाकटावर. त्यो वढतो, लंगडा त्याच्या संगं चालतो. जन्मभर बैल हाकलेत म्या. डॉक्टरनं कवा औत धरलंय?

चकत्या लावल्या उजव्या खांद्यावर.

पंधरा दिस! ठणका हाय तिथंच, आन् उजवा हात लागला नाचाया. बशी तोंडाकडं निघायची, पोचायची कानाला. म्हटलं, करंट कमी पडतोय. बटण आणिक पिरगाळलं. दुसऱ्या दिशी पाव्हण्याला रामराम करायला हात उचलला, तर त्याची टोपीच उडवली!

तणतणत भोर गाठलं. भरल्या दवाखान्यात वरडलो, "घ्या तुमचा डबा! लोकांस्नी फसवताय व्हय?"

"आबा, सदरा काढा बघू. दुखतंय कुठं?"

"डावीकडं."

"आणि चकत्या कुठं आहेत?"

"उजवीकडं."

म्या बैलाचं समजावून सांगितलं. कंपाउंडर तोंडात रुमाल कोंबून आत पळाला. डॉक्टर मातुर हसले न्हाईत. चष्मा पुसत म्हणाले, "आबा, आता लंगड्याला हाकून बघू." आन् चकत्या डावीकडं लावल्या.

खांद्यावरून मुंग्या चालल्यागत झालं. परतीच्या एसटीत ठणका इतका उतरला की आपलं गाव कवा मागं पडलं कळलं न्हाई. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरनं हलवून उठवलं. शिव्या द्यायच्या सोडून मी त्याचे पाय धराया वाकलो. चार महिन्यांनी झोप लागली हुती रे!

घरी येऊन बायकोवर खेकसलो, "तुला दिसत न्हवतं व्हय? बोलली का न्हाईस?"

"बोलले की पहिल्याच दिशी! तुमी म्हणालात, गप बस."

खरं हाय. म्हणालो हुतो. पर तीस वर्सांच्या संसारात बाईनं माझं एकदाच ऐकलं, त्ये नेमकं तवाच! डॉक्टरसाहेबांचे उपकार ह्या जन्मी फिटायचे न्हाईत. पर त्या गप बसण्याची माफी जिनं अजून मागितली न्हाई, ती म्हंजे आमची ही बायको, सोनाबाई.