अंगठ्याचं नख

पोळा झाला की चांगुणाबाई वस्तीतल्या पोरींचे हात बघायची. समाजमंदिरापुढच्या लिंबाखाली पोरी ओळीने उभ्या राहत, हात पुढे करत, आणि ही बाई बाजारात भेंडी निवडावी तशी एकेकीची बोटं दाबून, उलटीसुलटी करून पाहायची. बारीक असली की "चल". जाड असली की "तू खुरपायला जा". पोरगी पसंत करायला आलेले पाहुणेसुद्धा इतकं निरखून पाहत नसतील.

हे खूळ आणलं संकरित कापसाने. बहात्तरचा दुष्काळ सरला आणि वडीगोद्रीच्या आसपास ज्याच्या विहिरीला पाणी, त्याने बियाण्याचा प्लॉट घेतला. आमच्या गावात रामराव पाटलांनी घेतला. उद्या उमलणारी कळी आज दुपारी धरायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि आतला पराग सोलून काढायचा, मधली काडी मोडू द्यायची नाही, वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून त्या काडीवर फिरवायचं. झाड पोरींच्या उंचीचं आणि काम पोरींच्या बोटांचं. कळ्या सोलायच्या राहिल्या की बी भेसळीचं. मग कंपनीचा माणूस फटफटीवर येऊन रामरावांना झापायचा, रामराव चांगुणाबाईला झापायचे आणि चांगुणाबाई पोरींना. पोरींच्या खाली कुणी नव्हतं, म्हणून ते तिथेच थांबायचं.

सकाळ गेली, दुपारही गेली. शाळा काय चांदण्यात भरते?

चांगुणाबाई ही त्या पोरींची मुकादम. नवरा भिवा लवकर गेला, पदरात एकच पोरगी, बेबीनंदा. बाई बोलायला खणखणीत. बुद्धपौर्णिमेला समाजमंदिरात उभी राहून तिने सगळ्यांना ठणकावलं होतं, "एक टाइम उपाशी ऱ्हा, पन पोरी शिकवा." टाळ्या पडल्या. पोळ्यानंतर हीच बाई दारोदार पोरी गोळा करत फिरली. तिची बेबीनंदा मात्र दप्तर घेऊन शाळेत. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं आम्ही सगळेच मनात म्हणत होतो. तोंडावर कोण म्हणणार? काम तिच्या हातात.

शेजारच्या कांताबाईची झुंबर बेबीनंदाच्याच वर्गात होती. चौथीत झुंबरचा पहिला नंबर आला. तातेराव गुरुजी आमच्याच समाजाचे, ते कांताबाईला सांगायला गेले की ही पोरगी सोडू नका. पण त्यांच्या आधी चांगुणाबाई जाऊन आली होती. "एकच हंगाम, कांता. मंग जाईल ती शाळंत." झुंबरच्या बोटांसारखी बोटं अख्ख्या वस्तीत नव्हती. पुढच्या वर्षी कंपनीच्या माणसानेच विचारलं, "ती बारीक बोटांची पोरगी कुठंय?" आणि चांगुणाबाई पुन्हा त्या दारात गेली.

कोण शाळेतली आणि कोण फुलातली, हे अंगठ्यावरून कळायचं. फुलातल्या पोरी उजव्या अंगठ्याचं नख वाढवत. शाळेत गुरुजी दर सोमवारी नखं तपासत आणि वाढलेल्या नखावर पट्टी मारत.

तिसऱ्या वर्षी हात बघता बघता चांगुणाबाई ओळीच्या शेवटाला आली, तर तिथे बेबीनंदा. हात पुढे केलेला. अंगठ्याचं नख वाढवलेलं, आणि बोटाच्या पेरावर पट्टीचे वळ.

"तू काय करून राह्यलीस इथं?"

"मला बी घे. पोरी खेळायला घेत न्हाईत. मुकादमाची म्हणतात."

पोरींच्या आया बघत उभ्या होत्या. तुला शिकायचंय, असं म्हणावं तर बाकीच्यांना शिकायचं नाही, असं त्यांच्या आयांदेखत म्हटल्यासारखं होतं. चांगुणाबाईने लेकीची बोटं दाबली आणि म्हणाली, "तुझी बोटं जाड हायेत. तू कामाची न्हाईस."

"न्हाई मावशी," झुंबर मध्येच बोलली. "आमी पंजाला पंजा लावून पाह्यलाय. बराबर सारखेच हायेत."

तिच्या मनात काही काळं नव्हतं. मैत्रिणीची बाजू घेत होती पोर. पण चांगुणाबाईने लेकीची बोटं झटकन सोडली. बेबीनंदाला तिने घरी हाकललं, आणि त्याच संध्याकाळी कांताबाईला सांगितलं, "झुंबरला शाळंत धाड. तिच्या वाट्याच्या कापसाच्या वळी मी करते."

केल्याही. पण खुरपं धरून राठ झालेली बोटं ती. कळीबरोबर काडीही तुटून हातात यायची. रामराव बांधावरून ओरडले, "चांगुणे, माझा प्लॉट बुडवती काय?" ती खाली मान घालून कळ्या मोडत राहिली.

आठवडा गेला नसेल, कांताबाई झुंबरला ओढत प्लॉटवर आली. "अक्का, माझ्या पोरीनं काय गुन्हा केला? तिचा रोज बंद झाला, आता मी काय शिजवू?" झुंबर मागे उभी होती, अंगठा मुठीत लपवून. गुरुजींनी नख कापलं होतं.

"नख वाढलं की ये," चांगुणाबाई म्हणाली.

पुढे माझ्या आईजवळ ती रडली. माझी आई काही तिची लाडकी नव्हती, पण रडायला माणूस लागतं. "कांता भांडायला आली तवा मला हायसं वाटलं गं. वाटलं, चला, सुटले. लेकराचं नुकसान झालं त्याचं एवढं न्हाई, पन मला हायसं वाटलं, ते सुटत न्हाई."

बेबीनंदा सातवी पास झाली. चांगुणाबाईने घरोघर साखर वाटली. हात सैल होता, पण चेहरा कुणाच्या मयताला निघाल्यासारखा. कांताबाईच्या दारात झुंबरने साखरेसाठी तळवा पुढे केला आणि सवयीने चांगुणाबाईने तिची बोटं धरली. दोन बोटांत दाबून पाहिली. पोरगी वाढली होती. उन्हाळाभर गावाच्या रस्त्यावर खडी फोडून बोटांची पेरं सुजल्यासारखी फुगली होती. अंगठ्याचं नख मात्र तिने जपलं होतं.

झुंबर तिच्या तोंडाकडे बघत होती. साखरेकडे तिचं लक्ष नव्हतं.

"मावशी, जाड झाली का गं? यंदा घेतीस ना मला?"

चांगुणाबाईने तिच्या तळव्यावर साखर ठेवली आणि तिची मूठ आपल्या हातांनी मिटली.

"बारीकच हायेत," ती म्हणाली.

झुंबर हसली आणि मग साखर खाल्ली.