गुडघ्याचं माप

"पहिले बठ, मंग बोल."

धुळ्याच्या हायवेलगतच्या शेडमध्ये ट्रकची लाकडी बॉडी बांधून घ्यायला आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला आबा पहिल्यांदा हेच म्हणायचे. तो डब्यावर टेकला की गुडघ्यापासून टाचेपर्यंत सुतळी धरून गाठ मारायचे. केबिनमधली सीट त्या गाठीनुसार व्हायची. मालकानं मध्ये तोंड घातलं, तर त्यालाच विचारायचे, "गाडीवर तू बठस का?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कामात हट्टी, एरवी गरीब गाय. आबांचा स्वतःचा उजवा गुडघा वाकत नसे. तरुणपणी त्यावर सागाचा ओंडका पडला होता. शेकडो ट्रक उभे करणारा हा माणूस रोज लंगडत घरी जायचा.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवायचो. दरवर्षी पोरांना आबांच्या शेडमध्ये नेऊन अमेरिकेची गोष्ट सांगायचो. मोटार हातानं घडत होती तोवर ती श्रीमंतांची चैन होती. मग एका कारखानदारानं सगळे भाग एकसारखे केले, सांगाडा साखळीनं पुढे सरकवला आणि माणसं जागेवर उभी केली. एकानं एकच काम करायचं. दिवसभराचं काम तास-दोन तासांत उरकू लागलं, किंमत उतरत गेली, आणि शेतकरी-मजूरही मोटारीत बसले. "फक्त साखळी कोणासाठी थांबत नाही," मी मोठ्या रुबाबात सांगायचो.

आबा रंधा बाजूला ठेवून ऐकायचे. "म्हणजे बनाडनारा मजूर बी त्याच गाडीमा बठे?"

"हो, आबा."

"मंग चांगलं शे."

पुढे कारखान्यातूनच तयार बॉडीचे ट्रक येऊ लागले आणि शेड ओस पडली. मला वाटलं, आबा मला चार शिव्या घालतील. त्यांनी उलट मुलाला माझ्याकडे शिकायला पाठवलं. तो पुण्याकडे मोटारीच्या कारखान्यात लागला. दिवसभर दारांना रबर बसवायचा. गेल्या दिवाळीत तिथलीच छोटी गाडी घेऊन आला. अमळनेरला अंथरुणाला खिळलेल्या आबांच्या थोरल्या बहिणीकडे जायचं ठरलं. "अक्काले गाडी दखाडनी शे," आबा गल्लीभर सांगत सुटले.

पण गाडीची सीट फारच बुटकी होती. आबांचा ताठ पाय काही केल्या आत जाईना. तीनदा खटपट करून ते बाजूला झाले आणि सीटकडे बोट दाखवून हसले. "सर, आठे कोनी 'पहिले बठ' म्हनं नही." ते हसणं मला अजून सोसत नाही.

मुलाची रजा संपली. गाडी जाण्याआधी आबांनी सुतळीनं सीट मोजून घेतली, मग बंद शेड उघडली, स्वतःच्या पायाचं माप घेतलं आणि सीटवर ठेवायला सागाची फळी रंधून तयार केली. कडा गोल केल्या, वर रेक्झिन ठोकलं. उंच बसलं की पाय जाईल, असा त्यांचा हिशेब. मग मुलाची वाट पाहणं सुरू झालं. दर वेळी फोनवर तेच: लाइनवर माणसं कमी आहेत, पुढच्या महिन्यात येतो.

"साखळी कशी थांबी?" आबा मलाच समजावायचे. "तुम्हीच सांगेल शे ना."

चैत्रात आबा गेले. मुलगा त्याच गाडीतून आला. तेराव्यानंतर त्यानं शेडमधून फळी आणली आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ठेवली. कुठेही फट नव्हती.

"आत्याला गाडी दाखवून येऊ, सर," तो पुढचं दार धरून म्हणाला. "पहिले बठा."

मी मागचं दार उघडलं आणि मागे बसलो.