कुसुमताईंचा खताचा ड्रम

आता काय सांगू तुम्हाला! माणसाची फजिती चारचौघांत झाली तर नशिबाला बोल लावता येतो. माझी झाली ती मीच अख्खी इमारत हाका मारून गोळा केल्यावर!

कसब्यात आमची मागची गॅलरी शेजारच्या कुसुमताईंची आणि माझी सामाईक. त्यांच्या टोकाला ओल्या कचऱ्याच्या खताचा ड्रम, माझ्या टोकाला सिलिंडर. काही दिवसांपासून तिथे कुजका वास येत होता. कुजका म्हणजे ड्रमच की! यात विचार कसला करायचा?

"ड्रम हलवा," मी म्हटलं.

"माझ्या खताला वास नाही. त्यावर जास्वंद बघा कशी फुललीय!"

"जास्वंदीला नाक नसतं, कुसुमताई!"

रविवारी ड्रम कचऱ्याच्या गाडीत, असं मी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. कुसुमताई रडकुंडीला आल्या. पोटच्या पोरासारखा जपलेला तो ड्रम! मी ढिम्म.

शनिवारी त्यांचा भाचा निखिल आला. तेलाच्या आणि गॅसच्या विहिरींवर कामाला. खांद्याला हा एवढा कॅमेरा.

"याने काय, लग्नाचे फोटो काढतोस?"

"गळती शोधतो, काकू. विहिरीवरच्या पाइपांतून, झडपांतून मिथेन वायू सुटतो. तो हवेत गेला की पृथ्वी तापते. म्हणून गळती शोधायची आणि बंद करायची."

"मग वास घे की!"

"त्याला वास नसतो. डोळ्यांना दिसतही नाही."

"वास नाही, दिसत नाही, आणि पगार घेतोस?"

पोरगं हसलं. "या कॅमेऱ्यात दिसतो. काळ्या धुरासारखा. कचरा कोंडून कुजला तर त्यातूनही सुटतो."

झालं! मला हवा होता तो पुरावा आयता दारात! "उद्या सगळ्यांसमोर लाव तो ड्रमला. होऊन जाऊ दे एकदा."

रविवारी झाडून सगळे गॅलरीत. निखिलने कॅमेरा ड्रमवर धरला.

"काही नाही. मावशी रोज खालीवर करते, हवा खेळती राहते."

"कॅमेऱ्यालाही मावशीची माया दिसतेय," मी म्हटलं. "अरे, मला आत्ताही वास येतोय. नीट फिरव!"

आणि त्याचं कोपर धरून मीच कॅमेरा गर्रकन फिरवला. पडद्यावर काळा लोट!

"बघा, बघा! निघाला की नाही धूर? मी काय म्हणत होते?" मी टाळ्याच पिटल्या.



"काकू," निखिल हळूच म्हणाला, "हा तुमचा सिलिंडर आहे. कोणी बटणांना हात लावू नका." धावत जाऊन त्याने रेग्युलेटर बंद केला. नळीला चांगली बोटभर भेग!

मी कसली ऐकते! "पण वास नसतो म्हणालास ना?"

"मिथेनला नसतो. हा स्वयंपाकाचा गॅस. कॅमेऱ्यात हाही दिसतो. आणि याला वास मुद्दाम घालतात, काकू. गळती झाली तर घरातल्या बाईला पटकन कळावं म्हणून."

घरातल्या बाईने हळूच नाक चोळलं.

कुसुमताईंनी शांतपणे डोळे पुसले, पदर खोचला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मंडळी जमलीच आहेत, खाली गाडीही उभी आहे. मग, स्वयंपाकघर कधी हलवताय?"