चपलेवरची ओळख

मलकापूरच्या आमच्या सायकल मिस्त्रीला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, चपला राहतात. पेडलमध्ये अडकणारे बूट घेतल्यापासून माझा गुडघा दुखत होता, म्हणून त्याच्याकडे गेलो.

"बूट राहू द्या, जुनी चप्पल दाखवा," तो म्हणाला. झिजलेल्या जागेवर त्याने अंगठा फिरवला. "तुमचा जोर इथं पडते. क्लीट तिथं काऊन लावली?" बुटाच्या तळाची, पेडलमध्ये अडकणारी क्लीट त्याने थोडी मागे, जराशी तिरकी बसवली. गुडघ्याचं दुखणं थांबलं.

परवा आभार मानायला गेलो, तर ओळखच देईना. मी गुडघा दाखवला, बुटांची आठवण करून दिली. शेवटी त्याने माझी चप्पल उलटी केली. आदल्याच दिवशी घेतलेली, कोरी करकरीत.

"दोन महिने घाला, मंग या," तो म्हणाला. "तवा सांगतो, तुम्ही कोन आहा ते."